४६११३ ते ४६१०२ : साउथ डकोटाच्या काउंट्या आणि वंशाचे आकडे

मंडळी, विषय दिला आहे तो ग्रामीण अमेरिकेतल्या वंशनिहाय लोकसंख्येचा. त्यासाठी साउथ डकोटा हे राज्य घेतलं आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. ६६ काउंट्या, २०२० च्या जनगणनेत ८,८६,६६७ माणसं. एवढीच वस्ती, आणि ती महाराष्ट्राच्या जवळपास दोन-तृतीयांश क्षेत्रफळावर पसरलेली. म्हणणं एकच आहे: काउंटीतला वंशाचा टक्का हा तिथल्या माणसांइतकाच तिच्या हद्दीचाही असतो. हद्द कुणी आखली हे ठाऊक नसेल तर टक्का वाचता येत नाही. शेवटी हे मतदारसंघांपर्यंत न्यायचं आहे, वेळ पुरला तर.

सुरुवात एका कोडपासून करू, कारण या राज्याचे नकाशे इथेच सर्वांत जास्त बिघडतात.

अमेरिकेत प्रत्येक काउंटीला पाच अंकी कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. साउथ डकोटाचा क्रमांक ४६. नैर्ऋत्येला, नेब्रास्काच्या सीमेला लागून, पूर्वी शॅनन काउंटी होती, कोड ४६११३. पीटर शॅनन हे डकोटा टेरिटरीचे, म्हणजे राज्य होण्याआधीच्या प्रदेशाचे, मुख्य न्यायाधीश, त्यांचं नाव तिला दिलेलं. पण ही अख्खी काउंटी पाइन रिज रिझर्वेशनच्या, म्हणजे मूळनिवासी जमातीसाठी राखलेल्या प्रदेशाच्या, आत येते, आणि तिथे राहणारे नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मूळनिवासी, मुख्यतः ओग्लाला लाकोटा जमातीचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या मतदारांनी नाव बदलण्याच्या बाजूने कौल दिला आणि १ मे २०१५ पासून ती ओग्लाला लाकोटा काउंटी झाली. हे कोड काउंटीच्या नावांच्या वर्णानुक्रमाने दिलेले असतात. म्हणून नावासोबत कोडही बदलला: ४६१०२.

आता बघा काय होतं. कुणीतरी २०१० चा तक्ता घेतो, २०२० चा घेतो, आणि दोन्ही कोडवर जोडतो. ६५ काउंट्या जुळतात. एक जुळत नाही. सॉफ्टवेअर कुठलीही चूक दाखवत नाही, त्या रांगेत फक्त रिकामी जागा सोडतं. नकाशावर एक करडा चौकोन उरतो, आणि बघणारा समजतो की तिथली माहिती उपलब्ध नसेल. काही जण तर रिकामी जागा शून्य धरून पुढे जातात. जी काउंटी गळते ती कुठली? मूळनिवासींचं प्रमाण राज्यात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आणि देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी एक. २०२० मध्ये फक्त मूळनिवासी एवढाच वंश नोंदवलेली माणसं राज्यात सुमारे ७८ हजार होती. त्यातला जवळपास सहावा हिस्सा या एका रांगेत आहे. म्हणजे स्वतःचं नाव मिळवलेली माणसं त्या नावापायीच तक्त्यातून बाहेर पडतात. याचा राग यायला हवा, कारण टाळायला दोन मिनिटं पुरतात.

उपाय लिहून घ्या. कोडचा रकाना कायम मजकूर म्हणून उघडा, संख्या म्हणून नको. साउथ डकोटात फरक पडणार नाही, पण अलास्काचा ०२ असतो, तिथे सुरुवातीचं शून्य उडतं. जोडण्याआधी जुन्या तक्त्यात ४६११३ च्या जागी ४६१०२ करा. जोडल्यावर रांगा मोजा, ६६ च हव्यात. मग लोकसंख्येची बेरीज करा: २०१० साठी ८,१४,१८०, २०२० साठी ८,८६,६६७. एकाचाही फरक आला तर पुढे जाऊ नका. अलास्कातच वेड हॅम्प्टन या विभागाचं २०१५ मध्ये कुसिल्वाक झालं, ०२२७० चा ०२१५८ झाला, देशभराचा नकाशा करणाऱ्यांनी तेही बघावं. आणि १९७० पर्यंत मागे जाणार असाल तर वॉशबॉ नावाची आणखी एक काउंटी सापडेल. ती पुढे जॅक्सन काउंटीत विलीन झाली. जॅक्सनमधला मूळनिवासींचा टक्का त्या काळात एकदम चढलेला दिसतो तो स्थलांतराने नाही, शेजारची रिझर्वेशनची जमीन आत आल्याने.

हद्दीचा खरा इतिहास मात्र त्याच्याही मागचा. १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने आजच्या साउथ डकोटातला मिसुरी नदीच्या पश्चिमेचा सगळा पट्टा ग्रेट सू रिझर्वेशन म्हणून राखला होता (लाकोटा हे सू लोकांपैकीच). १८८९ मध्ये, राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून त्याचे तुकडे केले: पाइन रिज, रोझबड, शायेन रिव्हर, स्टँडिंग रॉक, लोअर ब्रूल, क्रो क्रीक. मग तुकड्यांतलीही ‘शिल्लक’ जमीन वसाहतींसाठी खुली झाली. रोझबडच्या ग्रेगरी, ट्रिप आणि मेलेट या काउंट्या अशाच उघडल्या, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या आता रिझर्वेशनचा भाग नाहीत, फक्त टॉड काउंटी उरली. आज टॉडमध्ये दहांतले जवळजवळ नऊ जण मूळनिवासी आहेत, लागून असलेल्या ट्रिपमध्ये साधारण सातांत एक. मधे डोंगर नाही, नदी नाही, एक सर्वेक्षणाची सरळ रेघ आहे. टॉडचं काउंटीचं कामकाज आजही ट्रिपमधल्या विनर गावातून चालतं, ओग्लाला लाकोटाचं फॉल रिव्हर काउंटीतल्या हॉट स्प्रिंग्जमधून. दोघींनाही स्वतःचं मुख्यालय नाही. जमिनीचा उतारा नोंदवायचा तर दुसऱ्या काउंटीत जावं लागतं.

टक्क्याबरोबर डोकी मोजायला विसरू नका. पेनिंग्टन काउंटीत, म्हणजे रॅपिड सिटी परिसरात, मूळनिवासी दहा टक्क्यांच्या आसपास. नकाशावर रंग फिका दिसतो. पण २०१० मध्ये तिथे लाखभर वस्ती होती. त्याचे दहा टक्के म्हणजे टॉड काउंटीच्या एकूण लोकसंख्येएवढी माणसं, टॉड तेव्हा ९,६१२. गडद रंग बघून मदतीच्या योजना आखणाऱ्यांच्या नजरेतून शहरातली ही माणसं निसटतात.

आता प्रश्नावलीकडे येतो. वंश म्हणजे काय हे जनगणना दर काही दशकांनी बदलते. आपल्याशी संबंधित उदाहरण घ्या. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत ‘हिंदू’ हा वंश होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये भारतीयांना श्वेतवर्णीयांत धरलं, १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ ही वेगळी चौकट आली. म्हणजे त्या काळात या राज्यात एखादं मराठी कुटुंब राहत असतं, तर घर न बदलता दहा वर्षांत त्याचा वंश बदलला असता.

२००० पासून एकाहून अधिक वंश निवडता येतात. सहा मूळ वर्गांच्या ६३ जोड्या होतात, म्हणून प्रत्येक गटाचे दोन आकडे असतात: ‘फक्त तोच वंश’ आणि ‘एकटा किंवा इतरांसोबत’. दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडे एकच व्याख्या घ्या. २०२० मध्ये तर लिहिलेलं उत्तर वाचण्याची पद्धतच बदलली. आधी पहिली ३० अक्षरं वाचून दोन नोंदी घेत, आता २०० अक्षरं आणि सहा नोंदी. देशभरात बहुवंशीय लोक ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेले, त्यातला मोठा भाग या बदलामुळे. ग्रामीण काउंटीत ‘फक्त श्वेतवर्णीय’ टक्का घसरलेला दिसला की लगेच स्थलांतराचा लेख लिहायला बसू नका. ह्युरॉन गाव असलेली बीडल काउंटी मात्र खरोखर बदलली आहे: टर्की प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामासाठी म्यानमारमधले करेन निर्वासित आले आणि १७,३९८ ची वस्ती १९,१४९ झाली. तिथे शाळेच्या पटावरही बदल दिसतो. पडताळणी अशी करायची.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा राहिलेलं भराभर सांगतो.

तुरुंग. जनगणना माणसाला तो १ एप्रिलला जिथे राहतो तिथे धरते. बॉन होम काउंटीतल्या स्प्रिंगफील्डला जुन्या कॉलेजच्या आवारात राज्याचा तुरुंग आहे. सात हजारांच्या काउंटीत मूळनिवासी आणि कृष्णवर्णीय पुरुषांचे आकडे त्यामुळे फुगतात. मतदारसंघ आखण्यासाठी जनगणना जो आकड्यांचा संच देते त्यातला पी-५ हा तक्ता उघडा, सुधारगृहांतली माणसं वेगळी दिसतील. प्रौढ पुरुष स्त्रियांपेक्षा फार जास्त दिसले तर तिथेच थांबून तो तक्ता बघा.

गळती. २०२० मध्ये रिझर्वेशनवरचे मूळनिवासी ५.६४ टक्के कमी मोजले गेले, हिस्पॅनिक नसलेले श्वेतवर्णीय १.६४ टक्के जास्त. कारण साधं आहे: अर्ज टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवत नाहीत, आणि रिझर्वेशनवर घराला बहुतेक वेळा तोच पत्ता असतो. दारोदार अर्ज पोचवण्याचं काम मार्च २०२० मध्ये कोविडने थांबलं. शिवाय गोपनीयतेसाठी आकडे मुद्दाम थोडे वर-खाली केले आहेत. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी, काउंटीची नाही. ९१७ वस्तीच्या जोन्स काउंटीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या गटावर टक्के काढू नका, शेजारच्या काउंट्या एकत्र घ्या.

आणि मतदारसंघ. बफेलो काउंटी, क्रो क्रीक रिझर्वेशन, २००० मध्ये २,०३२ लोक, त्यात पाचांत चारांहून जास्त मूळनिवासी. काउंटीचा कारभार बघणारे, निवडून येणारे तीन आयुक्त. एका मतदारसंघात सुमारे दीड हजार माणसं कोंबलेली, जवळजवळ सगळे मूळनिवासी, आणि उरलेले पाचशे दोन मतदारसंघांत वाटलेले. म्हणजे अल्पसंख्य श्वेतवर्णीयांकडे तीनपैकी दोन जागा. काउंटीच्या टक्केवारीत याचा मागमूस नव्हता. हद्द आणि डोकी शेजारी ठेवली तेव्हाच ते दिसलं. २००३ मध्ये खटला झाला, २००४ मध्ये तडजोड होऊन रेघा नव्याने आखल्या गेल्या.