सग्वारो: सावलीत वाढणारा वाळवंटी निवडुंग

पडद्यावर दिसणारा हा डोंगरउतार अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराजवळ आहे. उतारभर जे हिरवे खांब उभे दिसतात, ते सग्वारो निवडुंग. दक्षिण ॲरिझोनापासून मेक्सिकोच्या सोनोरा राज्यापर्यंत पसरलेल्या सोनोरन वाळवंटाबाहेर हा निवडुंग जगात कोठेही आपणहून उगवत नाही. बारा मीटरपर्यंत वाढणारा आणि दीडशे ते दोनशे वर्षे जगणारा सग्वारो चित्रांमध्ये बहुधा एकटाच दाखवलेला असतो. प्रत्यक्षात त्याचे आयुष्य सुरू होते ते दुसऱ्या झाडाच्या आश्रयाने.

हे झाड पालो वेर्दे. त्याची साल हिरवी असते, त्यामुळे उन्हाळ्यात पाने गळून गेल्यावरही खोड आणि फांद्या अन्न तयार करीत राहतात. त्याच्या बुंध्याजवळ, वाळक्या काटक्यांच्या आड, एक लहानसा काटेरी गोळा दिसतो आहे. ते सग्वारोचे रोप आहे. पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर होते. या काळात उघड्यावरचे रोप उन्हाने करपते, थंडीने गोठते किंवा उंदीर-सशांच्या तोंडी पडते. पालो वेर्देची विरळ सावली दिवसा ऊन अडवते आणि हिवाळ्याच्या रात्री जमिनीतली ऊब थोडी धरून ठेवते. मेस्किट आणि आयर्नवुड ही झाडेही हेच काम करतात. एका सग्वारोपासून आयुष्यभरात कोट्यवधी बिया तयार होतात. त्यांतील मोजक्याच अशा आडोशाला पडतात आणि तगतात.

वाढलेल्या सग्वारोच्या खोडावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे त्या उघडतात आणि पाणी साठवून खोड फुगते. पुढचे कोरडे महिने जसजसे सरतात, तसतशा त्या पुन्हा मिटत जातात. ही मुळे पाहा. एक सोटमूळ सोडले, तर बाकीची मुळे जमिनीखाली अवघ्या दहा-पंधरा सेंटिमीटरवर असतात आणि झाडाच्या उंचीइतकी चहूकडे पसरतात, कारण येथील पावसाचे पाणी खोलवर मुरण्याआधीच टिपून घ्यावे लागते. साठवलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून सग्वारो आपली पर्णरंध्रे, म्हणजे खोडावरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा बंद ठेवतो. ती रात्रीच्या गारव्यात उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवला जातो, आणि दिवस उजाडल्यावर त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण चालते. रात्र गार असणे ही या सगळ्या व्यवस्थेची अट आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

पहिली फुले यायला सुमारे पस्तीस वर्षे लागतात. हातांसारख्या फांद्या फुटायला पन्नास ते सत्तर, आणि रुक्ष जागी त्याहूनही अधिक. वसंताच्या अखेरीस खोडाच्या टोकाशी पांढरी, जाड पाकळ्यांची फुले येतात. प्रत्येक फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटते. एवढ्या अवधीत मेक्सिकोतून आलेली लांब नाकाची वटवाघळे, पांढऱ्या पट्ट्याच्या पंखांचे होले आणि मधमाश्या त्याचे परागीभवन करतात. या वटवाघळांना अमेरिकेने १९८८ मध्ये संकटग्रस्त ठरवले होते. संख्या सावरल्यावर २०१८ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. संरक्षणाच्या कामाला असे निखळ यश क्वचितच मिळते.

जूनमध्ये, सगळे रान कोरडे ठणठणीत असताना, फळे पिकतात. फळ उकलले की आत लालभडक गर आणि बारीक काळ्या बिया दिसतात. येथील तोहोनो ओओदम लोक वाळलेल्या सग्वारोच्या खोडातील लाकडी दांड्या जोडून लांब काठी तयार करतात आणि तिने उंचावरची फळे पाडतात. गर पाण्यात कढवून, गाळून, आटवून त्याचा पाक होतो. त्यातला काही भाग आंबवून जे पेय होते, ते पावसाला आवाहन करण्याच्या विधीत प्राशन केले जाते. त्यांचे नवे वर्षही याच हंगामात सुरू होते. थोड्याच दिवसांत पावसाळी ढग येतात आणि पक्ष्यांनी विखुरलेल्या बियांना ओल मिळते.

खोडावरची भोके सुतारपक्ष्यांनी केली आहेत. पोखरलेल्या जागेभोवती सग्वारो कठीण पापुद्र्याचे अस्तर तयार करतो, त्यामुळे आतले पाणी बाहेर झिरपत नाही. सुतारपक्षी निघून गेला की त्याच ढोलीत जगातले सर्वांत लहान घुबड राहायला येते. झाड मरून कुजल्यावरही हे अस्तर शाबूत राहते.

टूसॉनच्या पूर्वेकडील सग्वारोंच्या दाट रानाला १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण मिळाले, आणि १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही तेथील मोठी झाडे विसाव्या शतकात भराभर मेली. कडाक्याच्या थंडीने जुनी झाडे गेली, आणि त्यांची जागा घ्यायला नवी नव्हती. लाकूडतोडीत सावलीची झाडे नाहीशी झाली होती आणि रोपे गुरांच्या खुरांखाली तुडवली गेली होती. चराई थांबल्यावर रोपे पुन्हा दिसू लागली.

आजचे संकट मात्र आपल्या परिचयाचे आहे. ज्या अंजन गवताची आपण चाऱ्यासाठी लागवड करतो आणि थरच्या वाळवंटात ज्याला धामण म्हणतात, तेच गवत १९३०च्या दशकात चाऱ्यासाठी आणि मातीची धूप रोखण्यासाठी ॲरिझोनात नेले गेले. थरमध्ये ते गुरांचा आधार आहे. सोनोरन वाळवंटात मात्र झाडाझुडपांमधली मोकळी जमीन आग पसरू देत नव्हती, आणि तीच जागा या गवताने भरून काढली. वाळलेले गवत पेटले की आग उतारभर धावते. गवत पावसानंतर पुन्हा फुटते. सग्वारोला आणि पालो वेर्देला आगीशी जुळवून घेण्याची सवयच नाही. उलट दिशेने अमेरिका खंडातून भारतात आणलेल्या, मेस्किटच्याच कुळातल्या वेड्या बाभळीने आपल्याकडच्या गवताळ रानांचे काय केले, हे महाराष्ट्रातील मेंढपाळांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच ओसाड जमीन हिरवी करण्यासाठी दूरदेशीचे बी आणण्याचा मोह मला धोक्याचा वाटतो.

गवताबरोबर उष्णताही वाढते आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातील फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक राहिले. रात्रीही गारवा मिळाला नाही, आणि शहरातल्या काही सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही झाडे मुळासकट कोसळली.

राष्ट्रीय उद्यानात दर दहा वर्षांनी सग्वारोंची गणना होते. प्रौढ झाडे अजून मोठ्या संख्येने उभी आहेत. १९९०च्या दशकापासूनच्या दुष्काळी काळात रुजलेली रोपे मात्र फार थोडी सापडतात. त्यामुळे पावसाळ्यानंतर स्वयंसेवक पहारी घेऊन या उतारांवर चढतात आणि गवताचे ठोंब मुळासकट उपटतात. रोपे असलीच तर ती बहुधा पालो वेर्देसारख्या झाडांच्या आडोशालाच असतात.