सूर्य पाठीवर ठेवा

नमस्कार, श्रोतेहो. नवरात्र बसलं, पाऊस ओसरला, की घरोघरी एक बेत शिजायला लागतो: येत्या रविवारी कुठल्या तरी गडावर जाऊ. घरातली निम्मी माणसं आयुष्यात डोंगर चढलेली नसतात, म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो, सोपा गड कोणता? नावं सांगायचीच आहेत. पण त्याआधी घड्याळ बघू. तुम्ही वर पोचणार किती वाजता, आणि त्या वेळी सूर्य कुठे असणार?

घाटमाथ्यावर आपण जातो ते बहुतेक वेळा खालचं कोकण बघायला, म्हणजे तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीमागे असतो. समोरच्या रांगांवर सरळ ऊन पडतं, एकेक सोंड, एकेक घळ वेगळी दिसते. दुपारी तोच सूर्य डोळ्यांत येतो. तोवर जमीन तापून धूळ आणि बाष्प वर चढलेलं असतं, आणि उन्हाकडे तोंड करून बघितलं की ते सगळं पांढरं चमकतं. दरी धुरकट होते. मग लोक कुरकुरतात, फोटोत होतं तसं काही दिसलंच नाही! डोंगर तोच असतो हो, वेळ चुकलेली असते. तेव्हा साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान माथ्यावर असायचं, आणि सूर्य पाठीवर.

आता कुणी म्हणेल, सूर्यास्त? सूर्यास्ताचं हे वेड फोटोंनी लावलंय. आकाशच बघायचं तर गच्चीवरूनही दिसतं. ऑक्टोबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, पुढच्या अर्ध्या तासात अंधार, आणि उतरणीच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीवर, नवखी मंडळी मोबाइलच्या उजेडात चाचपडत बसतात. असो.

महिन्याचंही तसंच. नवरात्राच्या आसपास गेलात तर पठारं सोनकीने पिवळी असतात, ओढ्याकाठी गुलाबी तेरडा. दिवाळीपर्यंत फुलं संपतात आणि गवत सोनेरी होतं. दोन्ही सुंदर. मात्र वाळलेलं गवत उतारावर पावलाखालून सरकतं, आणि त्याची कुसळं पायमोज्यांत अशी शिरतात की घरी येऊन तासभर उपटत बसावं. जाड, घट्ट विणीचे मोजे घाला.

आता गड. पहिला, लोहगड. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गावावरून गायमुख खिंडीत या, उजवीकडे लोहगड. तिथून पायऱ्याच आहेत, एकामागून एक चार दरवाजे, आणि माथ्यावर वायव्येला विंचूकाट्याची लांब सोंड. ज्या बारा किल्ल्यांना २०२५ साली जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यातला हा एक. मळवलीपासून चालत आलात तर खिंडीपर्यंतच दीड-दोन तास जातात, हे हिशेबात धरा. दुसरा, कोराईगड. पेठ शहापूर गावातून निघायचं, वीसेक मिनिटं झाडीतली वाट, मग पायऱ्या. तासाभरात माथा. तटबंदी चांगली शाबूत आहे, तिच्या कडेने फेरी मारता येते आणि पश्चिमेला कोकण उघडं पडतं. पहिल्यांदाच जाणाऱ्याला एकच नाव सांगायचं तर कोराईगड. तिकोनाही तासाभराचाच, वरून पवना धरणाचं पाणी छान दिसतं, पण शेवटच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना गुडघे बोलतात.

आणि पहिल्याच खेपेला कळसूबाई नको. राज्यातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर, म्हणून सगळे तिकडेच धावतात. बारी गावातून आठशे मीटरांहून जास्त चढ आहे. नवखा माणूस तासाला अडीचशे ते तीनशे मीटर चढतो, म्हणजे तीन तास झाले. त्यात सुट्टीच्या दिवशी लोखंडी शिड्यांना रांग लागते. रांगेतच उभं राहायचं तर रेशनचं दुकान काय वाईट आहे? माथ्यावर पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि दरी पांढरी. गणित पुन्हा सांगतो: तासाला अडीचशे ते तीनशे मीटर चढ. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक काढा, त्याला या आकड्याने भागा, दर तासाला दहा मिनिटं विसावा मिळवा, आणि तेवढं आधी निघा.

आता हे सूर्य पाठीवर ठेवायचं प्रकरण हरिश्चंद्रगडावर कुठवर जातं ते ऐका.

विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी होता, पुढे कर्नल झाला. पेशवाई बुडून काही वर्षंच झालेली. मुंबई सरकारने त्याला दख्खनची मोजदाद करायच्या कामाला लावलं होतं. पिकं, लोकसंख्या, पाऊस, पक्षी, मासे, या माणसाने काही सोडलं नाही. इथल्या एका चंडोल पक्ष्याला इंग्रजीत आजही त्याचं नाव आहे. हवेचा दाब आणि तापमान टिपत तो डोंगरोडोंगरी हिंडायचा. तसाच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, म्हणजे कोकणाकडे सरळ तुटलेल्या कड्यावर, गेला. पुढे दख्खनच्या हवामानावर त्याने मोठा निबंध लिहिला, तो लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. त्यात हा प्रसंग आहे.

खाली कोकणातून धुकं वर आलं होतं. कड्याच्या पातळीपेक्षा थोडं उंच चढलं, पण पठारावर काही येईना. कड्यासमोर धुक्याची भिंतच उभी. इकडे पठारावर लख्ख ऊन, आभाळ स्वच्छ, आणि सूर्य खूप खाली, बरोब्बर साइक्सच्या पाठीमागे. साइक्स कड्याच्या टोकाशी गेला आणि समोरच्या धुक्यात त्याला इंद्रधनुष्य दिसलं. आपल्याला माहीत असलेली कमान नव्हे, पूर्ण गोल! अर्धं वर्तुळ तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धं खाली दरीत. रंग ठसठशीत, बाहेरून आणखी एक फिकट कडं. त्याच्या अंदाजाने व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त नसावा. आणि मधोमध, चौकटीत चित्र बसवावं तशी, माणसं उभी. साइक्स, त्याचा घोडा, बरोबरचे लोक.

बरोबरच्यांचा यावर विश्वास बसेना. समोर, हवेत, दरीवर ही कोण मंडळी उभी आहेत? साइक्स सांगतोय की या आपल्याच सावल्या. मग त्यांनी खात्री करून घ्यायला सुरुवात केली. हात वर केले, तर समोरच्यांनी हात वर केले. पाय झाडले, तर समोरच्यांनी पाय झाडले. वाकून बघितलं, अंग वाकडंतिकडं करून बघितलं. कल्पना करा, कड्याच्या काठावर सगळा लवाजमा नाचतोय आणि साहेब व्यास मोजतोय! त्यांच्या मनातली भीती जायला बराच वेळ लागला, असं तो लिहितो. पण शास्त्रज्ञाचं काम त्या लोकांनीच केलं. सावली आहे म्हणतोस, मग हलवून दाखव!

आपण याला इंद्रवज्र म्हणतो. धुक्याचे अगदी बारीक थेंब उजेड आला त्याच दिशेला परतवतात, म्हणून सूर्य पाठीवर आणि धुकं समोर असेल तरच ही कडी दिसतात. कोकणकडा पश्चिम-वायव्येला तोंड करून आहे, तेव्हा वेळ सकाळचीच. पावसाळा सरतानाच्या दिवसांत शक्यता असते, हमी नाही.

नवख्यांनी तिथे जावं का? जावं, पण पाचनईहून. अकोले तालुक्यातल्या या गावात आदल्या रात्री मुक्काम करा, घरगुती जेवण मिळतं, रोख पैसे ठेवा. पहाटे झुंजूमुंजू झालं की निघा. कड्याच्या पोटातून आडवी वाट जाते, अवघड जागी रेलिंग आहेत, पुढे ओढा आणि झाडी. दोन-अडीच तासांत गडावरचं मंदिर, तिथून अर्ध्या तासावर कडा. खिरेश्वरची वाट लांब आहे, नळीची वाट तर जाणकारांचीच. कड्यावर पोटावर झोपून बघायचं, उभं राहून नाही. कडा आत वळलेला असल्याने खालचा वारा उसळून वर येतो, टाकलेलं पान परत येतं. बाटल्या टाकून बघू नका, त्या परत येत नाहीत.

वेळ थोडा राहिलाय, म्हणून भराभर. पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरची उन्हं फसवी असतात. बुटांना खोल खाचांचा रबरी तळ हवा. गुळगुळीत तळाचे बूट घसाऱ्यावर सरकतात, आणि माणसं पडतात ती चढताना नाही, उतरताना. दरवाज्यांतल्या सावलीच्या पायऱ्यांवर अजून शेवाळ असतं, तिथे पाऊल आडवं टाका. परतीचा पाऊस दुपारी विजा घेऊन येतो, एक वाजेपर्यंत माथा सोडा. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माशा उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, डोकं-तोंड कापडाने झाकून आल्या वाटेने लांब निघून जायचं. नमस्कार.