कोपरा कापलेली लगड

(नाणी आणि पदकं जमवणाऱ्यांच्या मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझ्या तळहातावर आहे ती चांदीची लगड. वजन एक ट्रॉय औंस, शुद्धता ९९९, आणि नाव सनशाइन मायनिंग कंपनीचं. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात केलॉग गावाजवळ बिग क्रीक नावाची दरी आहे, तिथली ही खाण. लगडीवरचा छाप वजनाइतकाच मोलाचा असतो आणि खाण कंपनीचा छाप सर्वांत मोलाचा, हे माझं म्हणणं आज तुमच्यापुढे मांडायचंय. टांकसाळीच्या लगडीतली चांदी कुठून आली ते कोण सांगणार? त्यात कुणाची समई असेल, एक्स-रेच्या फिल्ममधून काढलेली चांदी असेल. खाणीचं नाव दिसलं की मात्र एक डोंगर दिसतो, एक गाव दिसतं, खाली उतरलेली माणसं दिसतात.

पण आधी हा कोपरा बघा. माझ्या मेव्हण्यानं ही लगड अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या नाण्यांच्या दुकानातून माझ्यासाठी आणली. इथं आल्यावर खात्री करून घ्यावी म्हणून मी एका सराफाकडे गेलो. त्यांनी उलटसुलट केली, काट्यावर टाकली, "टंच काढून सांगतो" म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, कसाच्या दगडावर एक रेघ ओढतील. बाहेर आले ते कोपऱ्याला छिन्नी लावूनच! वर म्हणाले, "माल चोख आहे, पण मोडीचाच भाव मिळेल, त्यातही तूट धरावी लागेल." मी म्हटलं, "अहो, मला मोडायची नाहीये." तर त्यांचा प्रश्न, "मग ठेवून करणार काय?" या गोष्टीला पंधरा वर्षं झाली, पण तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. चांदी मोडता येते आणि छाप मोडला की गेला, हे त्या दिवशी मला सांगता आलं नाही. म्हणून आज इथं उभा आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा, आपला जुना तोळा १८० ग्रेनचा. तेव्हा तीन औंस म्हणजे किती तोळे? बरोबर, आठ! गुंजेचाही फरक नाही. मागच्या रांगेतल्या काकांनी बोटं न मोडता उत्तर दिलं, त्यांचे पाढे पक्के आहेत. हा तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्लीचा दहा ग्रॅमचा धरू नका. आणि अमेरिकेची चांदी आपल्या घरात नवी नाही. १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेनं आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानात रुपये पाडायला. आजीच्या डब्यातल्या त्या सालांच्या रुपयात कदाचित डॉलर मुरलेला असेल.

आता खाण. १८८४ मध्ये ट्रू आणि डेनिस ब्लेक या भावांनी इथे 'यँकी लोड' नावानं खाणकामाचा हक्क नोंदवला. शेजारच्या बंकर हिल खाणीबद्दल तर असं सांगतात की नोआ केलॉगचं गाढव हरवलं आणि सापडलं ते चकाकत्या खडकापाशी. गाव मात्र वसलं माणसाच्या नावानं, गाढवाच्या नाही.

सनशाइनमध्ये २ मे १९७२ ला सकाळच्या पाळीत धूर दिसला. आग जमिनीखाली, लाकडी आधार असलेल्या जुन्या भागात लागली होती. भिंतींच्या फटी बुजवायला पॉलियुरेथेन फोम वापरलेला होता. धूर ताज्या हवेच्या वाटेत शिरला, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. श्वासासाठीची छोटी उपकरणं होती, पण ती कशी वापरायची हे अनेकांना कुणी शिकवलंच नव्हतं. ९१ माणसं गेली. टॉम विल्किन्सन आणि रॉन फ्लोरी हे दोघे खाणीतल्या '४८००' नावाच्या पातळीवर ताजी हवा येणाऱ्या एका जागी थांबले, गेलेल्या सोबत्यांच्या डब्यांतलं खाऊन. ९ मे रोजी, आठव्या दिवशी, बचाव पथक एका अरुंद विवरातून लोखंडी कुपीत बसून उतरलं आणि त्यांच्यापर्यंत पोचलं. त्या वर्षी चांदीचा सरासरी भाव औंसाला दोन डॉलरच्याही आत होता. या आगीनंतर, १९७७ च्या कायद्यानं, नव्या खाणकामगाराला प्रशिक्षण सक्तीचं झालं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. ज्यासाठी तुम्हाला बोलावलं तो लगडीचा इतिहास आता पाच मिनिटांत.

१९७७ मध्येच टेक्सासच्या तेलसम्राट हंट बंधूंनी सनशाइनचे भरपूर शेअर घेतले. ते चांदी साठवतच होते. जानेवारी १९८० मध्ये भाव पन्नास डॉलरच्या आसपास पोचला आणि २७ मार्चला अकराच्या खाली आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सनशाइननं हजार डॉलरचे रोखे काढले: मुदतीला हजार डॉलर किंवा पन्नास औंस चांदीची किंमत, जे जास्त असेल ते. चांदी पुन्हा वीस डॉलरच्या वर जाईल या भरवशावर लोकांनी ते घेतले. त्याच दशकात कंपनीनं स्वतःच्या नावाच्या लगडी आणि नाण्यांसारख्या गोल चकत्या थेट गिऱ्हाइकाला विकल्या. रोखा कागदावरची चांदी, लगड हातातली, नाव एकच. भाव मात्र वर टिकला नाही. २००० मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, २००१ मध्ये खाण बंद पडली.

बिग क्रीकजवळ महामार्गाकाठी त्या ९१ जणांचं स्मारक आहे. ड्रिल उचललेला खाणकामगार, टोपीवर दिवा.

लगड आता तुमच्यात फिरवतो. पहिल्या रांगेपासून घ्या. कडेनं धरा, रुमाल सोबत देतोय. चकाकत नाही म्हणून कुणी घासू नका, आणि कापलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवून बघा.