वारेचा निरोप: पीएलजीएफ, अवेळी बाळंतपण आणि बाळाचा मेंदू

(कॅमेऱ्यासमोर, हातात रिपोर्ट)

नमस्कार. हा बाराव्या आठवड्यातला रक्ताचा रिपोर्ट. डबल मार्करच्या (गुणसूत्रदोषांसाठीच्या रक्ततपासणीच्या) दोन आकड्यांखाली तिसरा आहे: पीएलजीएफ, ०.४ एमओएम, म्हणजे नेहमीपेक्षा कमी. मोबाइलवर शोधलं की ‘बाळ लवकर होणार, मेंदूवर परिणाम’ असं काहीबाही दिसतं आणि घरात रडारड सुरू होते. थांबा जरा.

पीएलजीएफ (प्लासेंटल ग्रोथ फॅक्टर) हे वारेत, म्हणजे प्लासेंटात बनणारं प्रथिन, काम रक्तवाहिन्या वाढवण्याचं. गरोदरपणाच्या पूर्वार्धात वारेच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी धमन्यांत शिरून त्यांना रुंद करतात, पांदणीचा हमरस्ता करावा तसं. हे काम अर्धवट राहिलं तर वारेवर ताण येतो. मग ती पीएलजीएफ कमी बनवते आणि एसफ्लट-१ नावाचं दुसरं प्रथिन जास्त सोडते, जे उरलंसुरलं पीएलजीएफही धरून ठेवतं. आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, बीपी चढतं, लघवीतून प्रथिन जातं. हाच प्रीएक्लॅम्प्सिया.

आता ३७ आठवड्यांआधीची प्रसूती. कधी कळा आपोआप येतात किंवा पाणी जातं. मागे संसर्ग, आखूड गर्भाशयमुख, जुळी बाळं. कधी बीपी आवरत नाही किंवा बाळाची वाढ खुंटते, आणि डॉक्टरांनाच प्रसूती करावी लागते. पीएलजीएफ मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतं. पहिल्यासाठी सोनोग्राफीत गर्भाशयमुख मोजतात. २५ मिमीहून कमी भरलं तर प्रोजेस्टेरॉनचा विचार होतो. म्हणून पीएलजीएफ चांगलं आलं की नऊ महिने पक्के, असं धरू नका.

आणि मेंदू? उंदरांत या प्रथिनाचं जनुक काढल्यावर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची रचना बदललेली दिसली. पण उंदीर तो उंदीर. माणसांत मेंदूला धोका पोचतो तो अपुऱ्या पुरवठ्यातून आणि लवकर जन्मातून. पुरवठा घटला की बाळ रक्त मेंदूकडे वळवतं. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) मेंदूच्या धमनीचा पीआय, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, उतरतो. याला ‘ब्रेन स्पेअरिंग’ म्हणतात. नाव फसवं आहे, मेंदू पूर्ण वाचतोच असं नाही. ३४ आठवड्यांना मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सुमारे ६५ टक्केच असतं. ३२ आठवड्यांआधी तर मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या वाहिन्या इतक्या नाजूक की सहज रक्तस्राव होतो.

तपासणी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, एनटी स्कॅनसोबत (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी). डबल मार्करच्या नमुन्यातूनच होते, पण सहसा वेगळी लिहून घ्यावी लागते. एमओएम म्हणजे त्या आठवड्याच्या मध्यकाच्या, म्हणजे मधोमधच्या आकड्याच्या, किती पट. आठवडे चुकले, वजन अंदाजे लिहिलं, की आकडाही चुकतो. तेव्हा काट्यावर उभं राहाच. सोबत गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर आणि बीपी हवं: पाच मिनिटं बसून, दोन्ही दंडांवर. मे महिन्यात सीताबर्डीहून उन्हातून धापा टाकत आल्या-आल्या मोजलेलं बीपी उपयोगाचं नाही. १२०/७५ आलं तर सरासरी दाब ७५ अधिक १५ (दोन आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा), म्हणजे ९०.

विदर्भासाठी खास: सिकलसेलमध्ये तांबड्या पेशींच्या पूर्वपेशीही पीएलजीएफ सोडतात, म्हणजे आकडा फक्त वारेचा राहत नाही. एसएस पॅटर्न (दोन्ही जनुकं सिकलची) असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सगळं मिळून धोका जास्त निघाला तर अ‍ॅस्पिरिन, १५० मिग्रॅ, रात्री, १६ आठवड्यांआधी सुरू करून ३६ पर्यंत. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया यामुळे ६२ टक्क्यांनी घटला. मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका.

पुढे २४ आठवड्यांनंतर शंका आली तर एसफ्लट-१ आणि पीएलजीएफचं गुणोत्तर बघतात. ३८ किंवा कमी असेल तर पुढचा आठवडाभर प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता फार कमी. आठवडाभरच, बरं का! तो रिपोर्ट महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरू नका.

३४ आठवड्यांआधी प्रसूती टळत नसेल तर फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२-१२ तासांनी ४ डोस. ३२ च्या आत असेल तर मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट, ४ ग्रॅम शिरेतून, २० ते ३० मिनिटांत. त्यामुळे सेरेब्रल पाल्सीचा धोका घटतो. ही औषधं बाळ पोटात असतानाच द्यायची असतात. म्हणून गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात आणायचं ठरलं, तर निघण्याआधी पहिला डोस झालाय का, ते विचारा आणि वेळ रेफरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.