मिक्को रांतानेनची किंमत किती?

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये 24 जानेवारी 2025 ला मोठी अदलाबदल झाली. कोलोरॅडो संघाने मिक्को रांतानेन हा फिनलंडचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू, कॅरोलायना संघाला देऊन टाकला. त्या वेळी त्याच्या नावावर 49 सामन्यांत 25 गोल आणि 39 असिस्ट (गोल करून देणारे पास), म्हणजे 64 गुण होते. असा खेळाडू कोणी सोडतं का, म्हणून पुष्कळांनी कपाळाला हात लावला.

पण हे 64 गुण कोणाबरोबर मिळवलेले, ते आधी बघायला हवं. तीन फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक खेळाडू, मिळून एक लाइन होते. ती पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर राहते आणि दमली की पुढची उतरते. रांतानेनच्या लाइनचा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, होता नेथन मॅकिनन. तो आपल्या भागातून पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, घेऊन सुसाट निघाला की प्रतिस्पर्धी बचावपटू मागे सरकतात, विंगरला हात-दोन हात मोकळी जागा मिळते. रांतानेन धिप्पाड. पाठीवर माणूस असला तरी पक सोडत नाही आणि शॉटही पटकन मारतो. जोडी जमली होती, पण श्रेय वाटायचं कसं? दोघं एकत्र असतानाची मिनिटं आणि वेगवेगळे असतानाची मिनिटं निराळी काढायची. पाचास पाच खेळतानाचे गुण एकीकडे, पॉवर प्लेचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचे, दुसरीकडे ठेवायचे. मागे पडलेल्या संघाने शेवटी जादा फॉरवर्डसाठी गोलरक्षक काढून घेतल्यावर रिकाम्या जाळ्यात ढकललेले गोल बाजूला काढायचे. एवढी चाळणी लावल्यावर बरेच ‘शंभर गुणवाले’ बारीक दिसायला लागतात. माझ्या मते रांतानेन त्यांतला नाही, पण मॅकिननशिवाय तो थोडा खाली येणार हे धरूनच चालावं.

कॅरोलायनात तेच झालं, जरा जास्तच झालं. 13 सामने, 2 गोल, 4 असिस्ट. प्रशिक्षक रॉड ब्रिंडामोर यांची पद्धत म्हणजे पक प्रतिस्पर्ध्याच्या भागात खोल टाकायचा, मागे धावून दाबायचं आणि मिळेल तिथून शॉट मारायचा. पक स्टिकवर खेळवत वाट बघणाऱ्याला ती सहज अंगवळणी पडत नाही. तरीही 13 सामन्यांवरून निकाल देणं मला पटत नाही. सामन्याला तीन शॉट धरले तर जेमतेम चाळीस शॉट होतात. त्यांतले तीन खांबाला लागले की खेळाडू ‘संपला’!

आता पैशाचं. त्या हंगामात संघाची पगारमर्यादा होती 8 कोटी 80 लाख डॉलर, आणि मर्यादेत रांतानेनचा वाटा 92 लाख 50 हजार. शिकागो या तिसऱ्या संघाने मध्ये पडून त्यातला निम्मा उचलला, बदल्यात आपलाच तिसऱ्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला हक्क, परत घेतला. त्यामुळे कॅरोलायनाच्या खात्यावर पडले फक्त 46 लाख 25 हजार. मात्र करार उन्हाळ्यात संपत होता. नवा करार झाला नाही तर तो 1 जुलैला मोकळा, आणि संघाच्या हाती भोपळा. कोलोरॅडोने नेमकी ही भीती ओळखून आधीच विकला. त्यांना मार्टिन नेचास आणि जॅक ड्रूरी मिळाले, शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक. नेचासचं वय कमी आणि करार आणखी वर्षभराचा. विक्रेत्यासाठी सौदा चांगलाच म्हणायचा.

कॅरोलायनाशीही करार जमेना. मग 7 मार्चला, हंगामातल्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी रांतानेनला डॅलसकडे धाडलं. आले काय? लोगन स्टँकोव्हन हा स्वस्त करारावरचा तरुण फॉरवर्ड, अटींसह पहिल्या फेरीचे दोन पिक आणि तिसऱ्या फेरीचे दोन. शिवाय जानेवारीच्या सौद्यात शिकागोहून आलेला फॉरवर्ड टेलर हॉल होताच. अडलेल्या विक्रेत्याने एवढं काढलं, हे कौतुकास्पदच. डॅलसने लगेच आठ वर्षांचा, 9 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणजे खेळाडूच्या खिशात त्याच आकड्यातून जास्त उरतं. अशा वाटाघाटीत ही गोष्ट छोटी नसते.

मग प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, डॅलससमोर पहिल्याच फेरीत कोलोरॅडो! फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात तिसऱ्या, शेवटच्या सत्रात डॅलस 0-2 ने मागे. तिथून रांतानेनने तीन गोल आणि एक असिस्ट केला, 4-2 ने जुना संघ बाहेर. शेवटचा गोल रिकाम्या जाळ्यात होता, तेवढा आपल्या चाळणीतून गळतो. पहिल्या दोन गोलांना आणि डॅलसच्याच जॉन्स्टनच्या विजयी गोलाच्या पासला मात्र कोणी हात लावू शकत नाही, आणि त्या वेळी मॅकिनन समोरच्या बाजूला होता. त्या प्लेऑफमध्ये त्याचे 18 सामन्यांत 22 गुण झाले. पण पुढच्या एका फेरीत एडमंटन संघापुढे डॅलस पाच सामन्यांत गारद झालं तेव्हा त्याला एकही गोल करता आला नाही.

हिशेब अजून पुरा झालेला नाही. कॅरोलायनाला मिळालेला पहिल्या फेरीचा एक पिक 2028 चा आहे, आणि त्यातून निवडला जाणारा मुलगा हा सौदा झाला तेव्हा शाळेत होता.