पेटंटच्या दालनात मागच्या दाराने

१९८९, गोवा. डॉमनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. क्षयरोगाच्या एका बंद पडलेल्या सॅनेटोरियममध्ये तो ६४ दिवस एकटा. गुन्हा काही नाही. गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदाच तसा होता. आई ल्युसी कोर्टात गेली. तिची बाजू मांडायला उभे राहिले आनंद ग्रोव्हर.

डॉमनिक घरी परतला. पण विलगीकरणाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने वैध ठरवली.

आपली गोष्ट तशी पेटंटच्या खटल्याची. पण ग्रोव्हर त्या दालनात मागच्या दाराने शिरले, आजारी माणसांच्या मागोमाग.

इंदिरा जयसिंग यांच्यासोबत त्यांनी मुंबईत १९८१ मध्ये ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही वकिलांची संस्था सुरू केली. १९९७ मध्ये एका एचआयव्हीबाधित कामगाराची नोकरी उच्च न्यायालयात वाचली. निकालात त्याचं नाव नाही, फक्त ‘एमएक्स’. पण नोकरी मिळाली तरी माणूस जगायला हवा ना? त्याला औषध हवं, आणि औषधाची किंमत ठरते पेटंटवर.

१९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. म्हणून तर २००१ मध्ये मुंबईची सिप्ला एड्सची औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ शकली. जागतिक व्यापार करारापायी २००५ पासून ही मोकळीक संपली. मात्र संसदेने जाता जाता एक पाचर मारून ठेवली. कलम ३ (डी): जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलंत, तर त्याची परिणामकारकता वाढल्याचं दाखवा, तरच पेटंट.

ग्लिवेक हे रक्ताच्या एका कर्करोगावरचं औषध. खरोखर मोठा शोध, त्याबद्दल वाद नाही. भारतात नोव्हार्टिस या स्विस कंपनीला पेटंट हवं होतं ते या औषधाच्या ‘बीटा’ स्फटिकरूपावर. साखर तीच, दाणेदार, पिठी की खडीसाखर, एवढाच प्रश्न. (केमिस्ट मंडळींनी या उपमेबद्दल माफ करावं.) कंपनीच्या गोळ्यांचा खर्च तेव्हा महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या दहा हजारांच्या आत मिळत. बऱ्याच रुग्णांना आपण औषध फुकट देतो, असं कंपनीचं म्हणणं होतं.

१९९८ चा हा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये फेटाळला. प्रकरण अपिलांतून सर्वोच्च न्यायालयात पोचलं. नोव्हार्टिसकडून गोपाल सुब्रमण्यम आणि टी. आर. अंध्यारुजिना. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनकडून ग्रोव्हर.

अशा खटल्यात वकिलाला अर्धा रसायनशास्त्रज्ञ व्हावं लागतं. स्फटिक पाणी किती शोषतो, पूड किती सहज वाहते, औषध रक्तात किती उतरतं. आणि इतकं सगळं उपसून झाल्यावर वाद येऊन थांबला एका शब्दावर: ‘परिणामकारकता’ म्हणजे नेमकं काय? साठवायला सोपं, बनवायला सोपं, हे पुरे? की रोग जास्त बरा व्हायला हवा?

आणखी एक कागद महागात पडला. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये नोव्हार्टिसने नॅटको या भारतीय कंपनीला नोटीस बजावली होती: तुमचं औषध आमच्या जुन्या पेटंटमध्ये येतं, विक्री थांबवा. इथे मात्र तेच औषध जुन्या पेटंटमध्ये येत नाही, म्हणजे ते नवं आहे, असा युक्तिवाद. न्यायालयाने ती नोटीस निकालात नोंदवली. प्रतिपक्षाची जुनी पत्रं वाचणं हे या धंद्यातलं सर्वात कंटाळवाणं काम, आणि कधीकधी खटला फिरतो तो त्यातच.

१ एप्रिल २०१३. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचाच परिणाम, असं त्यांनी ठरवलं. रक्तात औषध ३० टक्के जास्त उतरतं, हा दावाही पुरला नाही. त्याने रोग जास्त बरा होतो, हे सिद्ध झालेलं नव्हतं. पेटंट नाकारलं.

डॉमनिक हे पाहायला नव्हता. तो १९९२ मध्येच गेला.

२०१३ मध्येच, ११ डिसेंबरला, त्याच सर्वोच्च न्यायालयात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागला. त्या कलमाला आव्हान देणाऱ्या नाझ फाउंडेशनचे वकील होते आनंद ग्रोव्हर. ते हरले.