सांकवाळचा दास

[सांकवाळ, गोवा. चर्चची एकटी उरलेली दर्शनी भिंत, मागे जुवारी नदी.]

या भिंतीमागे आता काही नाही. 1834 साली चर्च आगीत गेलं, राहिली ती एवढीच. पण 5 ऑगस्ट 1677 या दिवशी एक तरुण पाद्री स्वतः लिहिलेला एक कागद घेऊन या चर्चमध्ये आला आणि त्याने तो आरोग्यमातेपुढे ठेवला. कागदावर त्याने स्वतःला मारियामातेचा कायमचा दास म्हणून लिहून दिलं होतं.

नाव जुझे वाझ. वय सव्वीस. जातीने ब्राह्मण.

त्या काळच्या गोव्यात बाजारात माणसं विकली जात. दास म्हणजे काय, हे त्याने रोज डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हे लक्षात ठेवून तो कागद वाचायला हवा.

[जुने गोवे. सकाळचा घंटानाद.]

गोव्याच्या चर्चमध्ये कोणी कुठवर चढायचं, हे जन्मावर ठरत होतं. पोर्तुगालहून आलेला पाद्री सर्वांत वर. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी इथे जन्मलेला त्याच्याखाली. गोमंतकीय पाद्री कितीही शिकला तरी त्याची पायरी शेवटची. मोठ्या धर्मसंघांची दारं त्याला जवळजवळ बंदच होती.

दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो यांना तर गोव्याच्या आर्चबिशपनी पाद्रीपदाची दीक्षाच नाकारली. ते थेट रोमला गेले, तिथे शिकले, 1630 मध्ये पाद्री झाले आणि 1637 मध्ये बिशप. रोमन चर्चच्या लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. परत आल्यावर गोव्याच्या सत्तेने त्यांना मान दिला नाही, तेव्हा आदिलशाहीतल्या डिचोलीत त्यांनी ठाण मांडलं. त्यांचा संताप खरा होता. पण 1653 मध्ये त्यांनी जे पत्रक लिहिलं, त्याचं नाव होतं 'ब्राह्मणांचा आरसा'. हाक दिली ती आपल्याच जातीला. पुढे कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, रोमने नेमलेले बिशप आले तेही कास्त्रो घराण्यातलेच, तोमास द कास्त्रो.

1681 मध्ये गोव्याच्या चर्चने त्याच कानड्यात जुझे वाझ यांना पाठवलं. एक अधिकारी रोमचा, एक गोव्याचा. कोणाच्या हातून संस्कार घ्यायचे, या प्रश्नात भाविकांची ओढाताण होत होती. वाझ स्वतः तोमास द कास्त्रोंना जाऊन भेटले, समेटाची वाट शोधत राहिले आणि गावोगाव अनवाणी फिरले.

[जुने गोवे, होली क्रॉसची टेकडी.]

1685 मध्ये या टेकडीवर गोमंतकीय पाद्र्यांचा स्वतःचा संघ उभा राहिला, ओरेटरी. वाझ त्याचे प्रमुख झाले. आणि इथेच मन खिन्न होतं. कातडीच्या रंगावरून दाराबाहेर ठेवलेल्या माणसांनी आपलं दार बांधलं, ते ब्राह्मणांपुरतं. चारडो, म्हणजे क्षत्रिय मानल्या जाणाऱ्या ख्रिस्ती जातीतल्या पाद्र्यांना दुसरीकडे जावं लागलं. त्याखालच्या जातींचं तर विचारूच नका. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला 'तू तिथे उभा राहा' असं सांगणाऱ्यांची कानउघाडणी आहे. ते पत्र या पाद्र्यांनी वाचलेलं नसेल, असं कसं म्हणायचं?

गोऱ्यांचं झुकतं मापही सुटलं नाही. शंभर वर्षांनी कुतो आणि गोन्साल्विस हे दोन गोमंतकीय पाद्री लिस्बनला गेले, रिकाम्या बिशपपदांसाठी. रिकाम्या हाताने परतले. त्यांच्या असंतोषातून पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा 1787 चा पिंटोंचा कट शिजला. त्याची बातमी आधीच फुटली आणि पणजीत पंधरा जणांना मृत्युदंड झाला.

[समुद्र. मन्नारची किनारपट्टी.]

खाली असलेल्याला नम्रता शिकवणं फार सोपं असतं. गोमंतकीय पाद्र्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. वाझ यांनी सोडलं ते मात्र खरोखर त्यांच्या हातात असलेलं.

1687 मध्ये संघाचं प्रमुखपद सोडून ते श्रीलंकेला निघाले. तिथे डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. त्यांनी मजुराचे कपडे चढवले. आजारी अवस्थेत जाफन्याला पोचले आणि दारोदार भीक मागत हिंडले, गळ्यात जपमाळ घालून. ती पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख उमटेल, ते घर कॅथलिक.

1692 मध्ये कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. पाच वर्षांनी त्याच कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या आजारी माणसांना टाकून पळाले. वाझ राहिले. त्यांनी जखमा धुतल्या, जेवू घातलं, मेलेल्यांना पुरलं. धर्म विचारला नाही, जात विचारली नाही.

मग त्यांना बिशपपद देण्याच्या हालचाली झाल्या. ज्या पदाच्या मानासाठी मातेउस द कास्त्रो आयुष्यभर झगडले, जे मिळावं म्हणून पुढे दोन पाद्री लिस्बनपर्यंत गेले, ते पद. वाझ नाही म्हणाले आणि साधे पाद्री म्हणूनच काम करत राहिले.

16 जानेवारी 1711 ला ते कँडीत वारले. 14 जानेवारी 2015 ला कोलंबोत, समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

[पुन्हा सांकवाळची भिंत. संध्याकाळ. भिंतीतल्या कमानीतून दिसणारं आभाळ.]